धरून ठेव

त्या वर्षी कोरडा वारा वेळेआधीच सुटला आणि थांबायचं नाव घेईना. घायपाताचा वाख भिजवून ठेवावा, तर घटकाभरात कडकडीत वाळायचा आणि हातात धरला की मोडायचा. विहिरीने तळ दाखवला होता. नेमका तेव्हाच व्यापाऱ्याचा निरोप आला, की गवताच्या गाड्या भरायच्या आहेत, शनिवारपर्यंत साठ दोर हवेत. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

घरात माणसं दोनच, ताई आणि तिचा भाऊ. ताई बावन्न वर्षांची. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, तेव्हा ती माहेरी परत आली आणि बापाच्या चाकाशी बसली. भाऊ तिच्याहून चौदा वर्षांनी लहान, शेंडेफळ. अंगाने ताडमाड, म्हणून अख्खं गाव त्याला लांब्या म्हणायचं. आई गेली, मग बाप गेला, आणि जाताना दोघांनीही तिच्याकडे बघून एकच सांगितलं, याला सांभाळ. जसं काही ती त्याला टाकून कुठे निघाली होती.

दोर वळायला दोन टोकांना दोन माणसं लागतात. घराशेजारी झाडांच्या सावलीत ऐंशी पावलांची सरळ पट्टी होती, तिला घरात धाव म्हणत. धावेच्या या टोकाला चाक आणि चाकाशी ताई. त्या टोकाला लांब्या, हातात लाकडी मुठीचा लोखंडी आकडा, आकड्यात तिन्ही पेड अडकवलेले. ताई चाक फिरवायची, पेडांत पीळ भरत जायचा, दोर आखडायचा, आणि तो आखडेल तसा लांब्या एकेक पाऊल पुढे यायचा. अशा भरल्या पिळाचं टोक हातातून निसटलं, तर आकडा उसळून थेट चाकावरच्या माणसाच्या तोंडावर येतो. लांब्या दहा वर्षांचा असताना त्याने एकदा माशी हाकलायला हात उचलला होता. ताईची डावी भुवई तेव्हापासून दोन तुकड्यांची आहे. डोळा वाचला तो नशिबाने.

त्या दिवसापासून लांब्याने टोक कधी सोडलं नाही. पीळ बसला, दोर सुरक्षित झाला, की ताई 'उतरलं' म्हणून हाक द्यायची. ती हाक ऐकल्याशिवाय त्याची मूठ सैल व्हायची नाही. एकदा मानेवर गांधीलमाशी चावली, डोळ्यांतून पाणी आलं, पण पठ्ठ्या उभाच.

बाविसाव्या वर्षी त्याचं डोकं बिघडलं. झोप जायची, मग त्याला आवाज ऐकू यायचे, मग तो जेवण टाकायचा. गावाचे सगळे उपाय सुचवून झाले आणि शेवटी तालुक्याच्या डॉक्टरच्या गोळ्यांनी गुण आला. पण गोळ्यांशिवाय आणखी एक गोष्ट होती, ती बापाला सापडली होती. लांब्याचं बिनसायला लागलं की बाप त्याच्या हातात आकडा द्यायचा. दोर भरत जाताना मुठीत बारीक थरथर येते, ती आली की लांब्याचा श्वास खाली बसायचा, डोळे एका जागी ठरायचे. औषध अर्धं, दोर अर्धा, असं बाप म्हणायचा. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही ही म्हण लोक हट्टी माणसाला टोचायला वापरतात. बाप मात्र ती पोराच्या पाठीवर थाप मारून, कौतुकाने म्हणायचा.

आता दोन महिने आरोग्यकेंद्रातलं ते औषधाचं फडताळ रिकामं होतं. नर्सबाई चांगली होती, दर वेळी पुढच्या आठवड्यात या म्हणायची. ताई पाच वेळा जाऊन आली. सहाव्या आठवड्यापासून लांब्या झोपेनासा झाला.

गुरुवारी त्याने घरातलं सगळं पाणी ओतून दिलं. आधी माठ, मग बादल्या, मग पिंपाच्या तळाशी राहिलेलं. पाण्यात कुणीतरी बोलतंय म्हणाला. शांतपणे, एकेक भांडं अंगणात नेऊन पालथं केलं आणि पुन्हा जागेवर नीट उपडं ठेवलं. ताई बघत राहिली. तिने अडवलं असतं तर तो थांबला असता, पण त्या पाण्यासाठी ती पहाटे विहिरीवर दीड तास रांगेत उभी राहिली होती आणि तिच्या अंगात अडवायचंही त्राण उरलं नव्हतं. लांब्याने बुधवारपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. ओठ फुटून त्यांच्या कडांना रक्त सुकलं होतं. जीभ बाहेर काढून दाखव म्हटल्यावर त्याने दाखवली, ती वाखासारखी कोरडी होती.

तिने नर्सबाईला फोन केला. केंद्राची गाडी दुरुस्तीला गेलेली, डॉक्टर सोमवारी येणार. एक दिवस आणखी पाणी गेलं नाही तर अवघड होईल, नर्सबाई म्हणाली. मग थांबून म्हणाली, पोलिसांना फोन करा, अशा माणसांना मोठ्या दवाखान्यात हल्ली तेच पोचवतात, त्यांची गाडीही येते आणि धरायला माणसंही.

ताईने त्यातलं 'गाडी' एवढंच ऐकलं.

शुक्रवारी सकाळी तिने लांब्याच्या हातात आकडा दिला. त्याने घेतला. धावेच्या टोकाला जाऊन उभा राहिला, पाय रोवले, आणि तिने चाक फिरवायला सुरुवात केल्यावर थोड्या वेळाने त्याचे खांदे खाली आले. पीळ चांगला भरल्यावर तिने चाकाला खुंटी घातली, म्हणजे ते उलटं फिरणार नाही. मग ती ओरडून म्हणाली, "पेड तुटलाय रे. जोडते. धरून ठेव."

पेड तुटला नव्हता. तिला फोन करायचा होता आणि तोवर तो एका जागी राहायला हवा होता. भावाशी ती आयुष्यात फारसं खोटं बोलली नव्हती, म्हणून तोंडातून शब्द निघाले तेव्हा तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. वाखाच्या ढिगाआड जाऊन तिने नंबर लावला.

पलीकडचा माणूस सभ्य होता. नाव, गाव, वय, किती दिवस झाले, सगळं त्याने विचारलं. मारतो का, विचारलं.

"नाही हो. आजवर कुणाला बोट लावलं नाही त्याने."

"आत्ता हातात काही आहे का त्याच्या?"

"आहे की. आकडा आहे."

"कसला आकडा?"

"लोखंडी. दोराचा असतो तो."

"खाली ठेव म्हटलं तर ठेवतो का?"

"छे," ताई म्हणाली. "तो नाही ठेवायचा."

हे तिने थोड्या अभिमानाने सांगितलं. कारकुनाच्या हातात लेखणी असावी तसा दोरवाल्याच्या हातात आकडा असतो, त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच तिच्या ध्यानात आलं नाही. आणि तिच्या भावासारखं टोक धरणारा पंचक्रोशीत दुसरा नव्हता, हे तर कुणीही सांगितलं असतं. पलीकडच्या माणसाने बरं म्हटलं आणि लिहून घेतलं.

गाडीला यायला सव्वा तास लागला. तेवढा वेळ ताई चाकाशी बसून राहिली. झालं का, असं लांब्या मधूनमधून विचारायचा आणि ती म्हणायची, होतंय, धरून ठेव. वाऱ्याने धूळ उडत होती. त्याच्या दंडाच्या शिरा टरारल्या होत्या. पाच दिवसांचा उपाशी, बुधवारपासून पाण्याचा घोट नाही, पण आकडा कमरेच्या उंचीवर होता तो इंचभर खाली आला नाही. इतकं इमान बघून कुणालाही भरून आलं असतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडीचा आवाज आला तशी ती उठली आणि फाटकाकडे गेली. पाणी पाजा आधी, एवढंच तिला त्यांना सांगायचं होतं. फौजदार, दोन शिपाई आणि एक बाई शिपाई उतरले. कुठे आहे, फौजदाराने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तिला मागे राहायला सांगितलं. बाई शिपायाने तिचा दंड धरला. धरणं रागाचं नव्हतं. मावशी, तुम्ही इथेच थांबा, तुमच्या भल्यासाठीच आहे, ती म्हणाली.

फाटकातून धावेचं ते टोक नीट दिसत होतं. तिघेजण तिन्ही बाजूंनी पुढे गेले. फौजदाराचं अंग सुटलेलं होतं, तोही घाबरला होता, त्याच्या मानेवरचा घाम ताईला दिसला. धाकटा शिपाई तर लांब्याच्या खांद्यालाही लागत नव्हता.

"हातातलं खाली टाक," फौजदार म्हणाला.

लांब्याने मान हलवली. "नाही."

"टाक म्हणतो ना."

"ताई चाकावर आहे," लांब्या म्हणाला. "तिला लागेल."

चाक वाखाच्या ढिगाआड होतं, तिथे कोण आहे ते त्याला दिसत नव्हतं. फौजदाराला यातलं काहीच कळलं नाही. त्याला एक धिप्पाड माणूस दिसत होता, फुटलेल्या ओठांचा, न झोपलेल्या डोळ्यांचा, हातातलं लोखंड न सोडणारा आणि बहिणीला लागेल म्हणणारा. त्याने तिसऱ्यांदा सांगितलं. लांब्याने तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं, या वेळी मोठ्याने, कारण त्याला वाटलं यांना ऐकू येत नसावं.

ताई ओरडत होती. मारू नका म्हणाली, आजारी आहे म्हणाली, पाया पडते म्हणाली. फाटकाशी उभी राहून ती खूप काही ओरडली. पहिली लाठी कोपरावर बसली तेव्हा लाकूड मोडल्यासारखा आवाज आला, तरी मूठ उघडली नाही. दुसरी त्याच जागी बसली. मग आकडा सुटला, सणसणत धावेवरून गेला, वाखाच्या ढिगातून आरपार जाऊन चाकाच्या खांबावर आदळला. लांब्याने अशी किंकाळी फोडली की धाकटा शिपाई दोन पावलं मागे सरला. ती हाताच्या दुखण्याची नव्हती. तो चाकाच्या दिशेने पळाला, बहिणीकडे, आणि त्यांना वाटलं तो पळून जातोय. मग त्यांनी त्याला पालथा पाडला, पाठीवर गुडघा रोवला, तोंड धुळीत दाबलं.

"दोर आहे का घरात?" फौजदाराने विचारलं.

ज्या घरात दोराशिवाय दुसरं काही नव्हतं, तिथे साहेबाने दोर मागितला. शिपायाने धावेवर पडलेलाच ओढला आणि त्याचे दोन्ही हात मागे बांधले, मोडलेलासुद्धा. पाणी त्याला कुणीच पाजलं नाही. गाडीत ताईला जागा नव्हती.

मोठ्या दवाखान्याकडे जाणारी बस दोन तासांनी मिळाली. खिडकीशी बसल्यावर, अर्ध्या वाटेत, एका ओढ्याच्या पुलावर तिला ते सुचलं. 'उतरलं.' फाटकातून एवढा एक शब्द ओरडली असती, तर त्याने आकडा आपणहून खाली ठेवला असता. तीस वर्षं दिवसातून चाळीस वेळा तोंडात असलेला शब्द, आणि त्या वेळी तो सोडून तिला सगळे शब्द आठवले. तिने पदर तोंडात कोंबला. शेजारची बाई सरकून बसली.

दोन दिवसांनी हवालदार जबाब घेऊन घरी आला. ताईने कागद वाचला. इसमाच्या हातात लोखंडी हत्यार होते. वारंवार सांगूनही त्याने ते खाली ठेवले नाही. तो ठेवणार नाही अशी माहिती त्याच्या बहिणीने फोनवर आधीच दिली होती. आवश्यक तेवढेच बळ वापरण्यात आले. हत्यार नव्हतं ते, ताई म्हणाली. मग लोखंडी नव्हता का, हवालदाराने विचारलं. होता. खाली ठेवला का त्याने? नाही. तुम्ही फोनवर सांगितलं होतं ना? हो.

"मग यात खोटं काय आहे ते दाखवा ताई, आत्ता खोडतो," हवालदार म्हणाला. तो मनापासून म्हणत होता.

तिने सही केली.

गाव तिच्याशी फार गोड वागायला लागलं. समोरची शिंपीण येऊन बसली आणि बाई, थोडक्यात वाचलीस म्हणाली. काल-परवापर्यंत लांब्याकडून गाठोडी उचलून घेणारे लोक वाटेत थांबून तिची भुवई बघायला लागले. ती खूण अठ्ठावीस वर्षांची आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी बघायचे. ती आधी समजावून सांगायची, नंतर सांगायचं सोडून दिलं. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतणार?

साठ दोरांपैकी अडतीस झाले होते. व्यापाऱ्याने उरलेले दुसरीकडून घेतले. तरी ताई चाकाशी बसली, कारण घरात बसवेना. लांब्याच्या जागी तिने एक सपाट दगड ठेवला, त्यात लोखंडी कडी होती. कडीला पेड बांधले, की दोर आखडेल तसा दगड घसरत पुढे येतो. म्हाताऱ्या, एकट्या पडलेल्या दोरवाल्यांची ही जुनी युक्ती. दगड कामाला वाईट नव्हता. त्याला घाम येत नाही, तो मध्येच गाणं म्हणत नाही, वाऱ्यावर चिडत नाही. पहिला दोर पुरा झाला तेव्हा तिने सवयीने हाक दिली, उतरलं. ऐंशी पावलांवर कुणीच नव्हतं. ती उठली, चालत तिकडे गेली, कडीतून दोर सोडवला आणि चालत परत आली. दिवसभरात असं ती दहा-बारा वेळा करायची. जेवण दोघांचं शिजवायची आणि दुसऱ्या दिवशी तेच शिळं खायची.

दवाखान्यात भेटायची वेळ मंगळवारी होती. पहिल्या मंगळवारी लांब्या जाळीच्या खोलीत बसला होता, डावा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये, जीभ गोळ्यांनी जड. तिला बघून तो उठला. जवळ आला, उजव्या हाताचा अंगठा त्याने तिच्या एका भुवईवरून फिरवला, मग दुसऱ्या. गालही चाचपून बघितले.

"लागलं नाही ना?" तो म्हणाला.

मी तिथे नव्हतेच रे, असं सांगायचं तिच्या ओठांवर आलं. तिने डबा उघडून पुढे केला. पुढच्या मंगळवारी सांगू म्हणाली मनाशी. असे पाच मंगळवार गेले.

सहाव्या आठवड्यात तो घरी आला. पाणी प्यायचा, जेवायचा, झोपायचा. कोपर आखडला होता, हात पुरता सरळ होत नव्हता आणि बोटं मिटली तरी मूठ वळत नव्हती. आकडा धरणं शक्यच नव्हतं. तो चाकाशी, तिच्या बाजूला पाटावर बसून वाख विंचरायचा. त्या दिवसाबद्दल कधी बोलला नाही. ती रोज ठरवायची, आज सांगायचं, गाडी मीच बोलावली होती. चहाच्या वेळी ठरवायची, जेवताना ठरवायची. एकदा सुरुवातही केली, तर तो म्हणाला वाख संपत आलाय, आणि ती ढिगाकडे गेली. त्याला कळलं तर तो तिच्या हातचं पाणी पुन्हा कधी पिणार नाही, या भीतीने तिचं तोंड शिवलं होतं.

पावसाळा संपता संपता आरोग्यकेंद्रातलं फडताळ पुन्हा रिकामं झालं. पुढच्या आठवड्यात या, नर्सबाई म्हणाली. ताईने घरी येऊन रिकामी पिशवी खुंटीला लावली. लांब्याने पिशवीकडे बघितलं आणि पुन्हा वाख विंचरायला लागला. दहा गोळ्या होत्या, त्या संपल्या. मग एक रात्र त्याला झोप आली नाही, मग दुसरी.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती विहिरीवरून आली तर तो पाटावर नव्हता. घराच्या मागच्या भिंतीशी होता. भिंतीकडे तोंड करून, गुडघ्यांवर, दोन्ही हात पाठीमागे घेतलेले. उजव्या हाताने डाव्याला मागे ओढत होता. डावा कमरेपर्यंत जायचा आणि तिथेच अडायचा.

तिने घागर खाली ठेवली. काय करतोस, म्हणाली.

"सराव करतोय," लांब्या म्हणाला. आवाज अगदी रोजचा होता. "ते आले की असंच बसायचं, म्हणजे मारणार नाहीत. दवाखान्यात एकाने सांगितलं."

"कोण येणार आहे?"

"तू बोलावशील ना." त्याने मान वळवली नाही. "मागेही तूच बोलावलं होतंस. पेड तुटला की आवाज होतो, ताई. आवाज झालाच नव्हता."

सगळा वेळ, पाचही मंगळवार, चाकाशेजारच्या त्या पाटावर बसून वाख विंचरताना, त्याला ठाऊक होतं.

"ठाऊक होतं तर धरून कशाला ठेवलंस?" तिने विचारलं.

"तू म्हणालीस ना, धरून ठेव."

ती त्याच्या मागे जमिनीवर बसली. पुन्हा नाही बोलावणार, असं म्हणायला तिचा जीव तळमळत होता. पण परवा-तेरवा त्याने पाणी टाकलं, तर ती काय करणार होती? गाडी तीच होती, माणसं तीच होती, आणि बोलावणारी तीच एकटी. या पोराशी एकदा खोटं बोलून झालं होतं.

लांब्याने डावा हात आणखी थोडा ओढला. कोपरात काहीतरी कटकन वाजलं. तो थांबला, दम घेतला.

"याच्यापुढे जात नाही," तो म्हणाला. "एवढं चालेल का त्यांना?"

ताईने त्या हाताकडे बघितलं. अजून चार बोटांचं अंतर होतं.

"चालेल," ती शेवटी म्हणाली, आणि सरकून त्याच्या शेजारी भिंतीशी जाऊन बसली.